गायब होणारी डिस्क एक, खराब झालेली दुसरीच: जुन्या ऑफिस पीसीच्या स्टोरेज सर्व्हरबद्दल

रीबिल्डचं, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा परत भरण्याचं, बटण अजून दाबलं नसेल तर कृपया दाबू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी.

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एचपीचा चौथ्या पिढीचा आय५ वाला जुना ऑफिस डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही स्टोरेज सर्व्हरची सिस्टिम. चार डिस्क: दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या ४ टीबीच्या दोन, ४ टीबीची एक सीगेट बॅराकुडा आणि एक जुनी २ टीबी. चारही मिळून रेड ५, म्हणजे चारही डिस्कचा एकच ॲरे, ज्यातली एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. रात्री २ वाजता बॅकअप सुरू झाला की अधूनमधून बॅराकुडा ॲरेमधून गायब होते, सकाळी पीसी बंद करून चालू केला की परत दिसायला लागते. आत्ता ॲरे डिग्रेडेड आहे, म्हणजे एका डिस्कविना चालू आहे. शिवाय कॉपीचा स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि बहिणीला कॅनडातून फोटो बघायचेत ते जमत नाहीये. तुमचा अंदाज असा की बॅराकुडा गेली, तेव्हा नवीन डिस्क आणायची आणि रीबिल्ड करायचं.

तुम्ही स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, दिलेत हे फार बरं केलंत, कारण ते नीट वाचले तर गोष्ट वेगळीच निघते. बॅराकुडाचा ५ नंबर म्हणजे रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर शून्य, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर, तेही शून्य. फक्त १९९ समोर २१४ आहे. हा १९९ म्हणजे सीआरसी एरर, आणि तो डिस्कच्या प्लेटवर काय चाललंय ते सांगतच नाही, डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या रस्त्यात डेटा बिघडला एवढंच सांगतो. म्हणजे केबल, कनेक्टर, पोर्ट किंवा पॉवर. लॉगमध्ये 'हार्ड रीसेटिंग लिंक' परत परत येतंय आणि मग लिंक १.५ जीबीपीएसवर उतरतेय, तेही त्याच दिशेला बोट दाखवतं.

आणि डीव्हीआरमधली दुसरी डिस्क, जिच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीये कारण ती कधी त्रासच देत नाही, तिच्या १९७ समोर १६ आहेत. म्हणजे १६ सेक्टर असे की डिस्कला ते वाचता आले नाहीत आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खरी आजारी डिस्क ही आहे.

आता रीबिल्ड का नको ते बघा. रेड ५ मध्ये एक डिस्क बाहेर असताना उरलेल्या तिन्ही डिस्कवरचा ॲरेचा प्रत्येक सेक्टर वाचला तरच चौथी परत भरता येते, तिथे सूट नाही. ते वाचन या १६ सेक्टरपाशी आलं की रीड एरर येणार, आणि ती डिस्कही बाहेर फेकली गेली की अख्खा ॲरे बंद. तुमच्या ॲरेत ४ टीबीच्या डिस्कचा फक्त पहिला २ टीबीचा भाग वापरात आहे, त्यामुळे ते सेक्टर बाहेरच्या रिकाम्या भागात असतील असंही होऊ शकतं, पण सेक्टर वाचायला जावं तेव्हाच तो पेंडिंगच्या यादीत चढतो, म्हणून वापरातल्याच भागात असण्याची शक्यता जास्त धरा आणि जुगार खेळू नका.

तर आधी डेटा. एक बाहेरची यूएसबी डिस्क आणा, विकत किंवा कुणाकडून आठवडाभर मागून, आणि ॲरे आहे त्या अवस्थेत रीड ओन्ली (फक्त वाचण्यापुरता) माउंट करून कॉपी सुरू करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी घरातले फोटो-व्हिडिओ, मग कागदपत्रं, दुकानाचे हिशोब, आणि सिनेमे वगैरे अगदी शेवटी, ते परत मिळतील. एखाद्या फाईलवर कॉपी अडली तर तिथे पुन्हा पुन्हा डोकं आपटू नका, ती सोडून पुढे जा, नावं लिहून ठेवा. कॉपी करायला आरसिंक हा प्रोग्रॅम वापरलंत तर ते अडलेली फाईल सोडून पुढे जातं आणि शेवटी सांगतं काय राहिलं. राहिलेल्यात काही जीवाभावाचं असेल तर मग त्या आजारी डिस्कची डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची आणि प्रतीवर प्रयोग करायचे, मूळ डिस्कवर नाही.

कॉपी झाली? मग आता पॉवरकडे या, कारण मला वाटतं तुमच्या रात्री २ च्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

तुम्ही लिहिलंय की एका साटा पॉवर कनेक्टरवरून एकाचे चार करणारा स्प्लिटर लावलाय. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टला तीन पिना असतात, प्रत्येकी १.५ ॲम्पियर, म्हणजे सगळे मिळून ४.५ ॲम्पियर. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना साधारण ५ ते ८ वॉट खाते, काहीच त्रास नाही. पण थांबलेली डिस्क फिरायला लागते त्या काही सेकंदांत ती १२ व्होल्टवर २ ॲम्पियरच्या आसपास ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की ८ ॲम्पियर, आणि वाट ४.५ ची. तुमच्या सेटिंगमध्ये २० मिनिटांनी डिस्क झोपवायचं चालू आहे, दिवसभरात कुणी एखादी फाईल उघडली तर चारही डिस्क उठतात पण तेव्हा कामाचा ताण नसतो म्हणून निभावतं, आणि रात्री २ ला बॅकअप आला की सगळ्या एकदम उठतात आणि उठल्या उठल्या लिहायला लागतात, व्होल्टेज खाली बसतं, आणि जिला सगळ्यात कमी पोचतं ती लिंक सोडते. ती बहुतेक स्प्लिटरच्या शेवटच्या टोकाला असलेली डिस्क असते. उघडून बघा, बॅराकुडा शेवटच्या टोकावर आहे का. असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

यावर आज रात्रीपुरता उपाय म्हणजे डिस्क झोपवणं बंद करा, म्हणजे एकदम उठायचा प्रश्नच नाही (पीसी चालू करताना तेवढा येईल). कायमचा उपाय म्हणजे एसएमपीएस, पीसीला पॉवर देणारा डबा. इथे जुन्या ऑफिस पीसींची एक खोड माहीत असायला हवी. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपमध्ये नेहमीचा २४ पिनी एसएमपीएस नसतो, वेगळ्याच पिनांचा, कंपनीचा स्वतःचा असतो, आणि काही मॉडेलमध्ये तर डिस्कची पॉवर मदरबोर्डवरूनच निघते. तो बोर्ड एक-दोन डिस्क धरून बनवलेला असतो, चार नाही. २४ पिनीवरून तसा कनेक्टर करणारे अडॅप्टर मिळतात, तुमच्या नेमक्या मॉडेलचा नंबर बघून घ्या, आणि चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस लावा ज्यात साटा पॉवरच्या दोन वेगळ्या वायरी येतात. दोन डिस्क एकीवर, दोन दुसरीवर. प्रोसेसर जुना चालेल, रॅम जुनी चालेल, बोर्ड जुना चालेल, पण पॉवर आणि केबलवर मी कधीच काटकसर करू देत नाही. माझ्याकडे डिस्क खराब म्हणून जे आणून दाखवतात त्यातल्या कितीतरी डिस्क ठणठणीत असतात, रोग वायरीत असतो.

स्प्लिटर लावावाच लागला तर मोलेक्सवरून (जुन्या मोठ्या चार पिनी कनेक्टरवरून) साटा करणारा घ्या, मोलेक्सची पिन जास्त करंट झेपवते, पण त्यातही साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरवाला घेऊ नका. त्यात आतल्या वायरी ओतताना सरकून एकमेकींच्या जवळ येतात आणि पुढे कधीतरी शॉर्ट होऊन कनेक्टर जळतो, डिस्कसकट. ज्यात मागून वायरी एकेक करून क्रिम्प केलेल्या दिसतात, मागचं झाकण निघतं, तो घ्यायचा. दुकानदाराला दोन्ही दाखवायला सांगा, फरक डोळ्यांना दिसतो.

केबलची तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर लिहून लावा, लिनक्समध्ये डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यावर विसंबून चुकीची डिस्क उपटलेले लोक मी पाहिलेत. मग बॅराकुडाची डेटा केबल आणि एका धड डिस्कची डेटा केबल यांची अदलाबदल करा, पोर्ट तेच ठेवा. दोन-तीन दिवस बघा. १९९ चा आकडा आता दुसऱ्या डिस्कवर वाढायला लागला तर केबल, बॅराकुडावरच वाढत राहिला तर पोर्ट किंवा पॉवर. लक्षात घ्या, १९९ परत शून्यावर कधीच येत नाही, तो आयुष्यभराचा हिशोब आहे, २१४ हा आता २१४ च राहणार, वाढतोय का एवढंच बघायचं.

बॅराकुडाची आणखी एक बाजू आहे. ४ टीबीच्या ज्या मॉडेलचा नंबर तुम्ही दिलाय ती एसएमआर डिस्क आहे, म्हणजे तिचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधला एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. थोडं थोडं लिहिताना कळत नाही, पण रेडच्या रीबिल्डसारखं तासन् तास लिहिणं आलं की ती मधेच दम खायला थांबते. वर साध्या डेस्कटॉप डिस्कला वाचता न आलेला सेक्टर सोडून द्यायची घाई नसते, ती मिनिट-दोन मिनिटंसुद्धा त्याच्याशी झटत बसते, आणि लिनक्सचा कर्नल डीफॉल्टने ३० सेकंद थांबून लिंक रीसेट करतो, मग रेडला वाटतं डिस्क मेली. नासच्या (नेटवर्क स्टोरेजच्या) आणि डीव्हीआरच्या डिस्कमध्ये हा वेळ बहुधा ७ सेकंदांवर बांधता येतो, स्मार्टचे आकडे वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये एससीटीईआरसी नावाचं सेटिंग आहे ते बघा. ज्या डिस्कला ते जमत नाही तिच्यासाठी कर्नलचा टाईमआउट १८० सेकंद करायचा. रेड ठेवणार असाल तर हे दोन्ही बूटच्या वेळी आपोआप होईल असं लावून घ्या.

पण मी तुम्हाला रेड ५ ठेवायला सांगणार नाही. तुमच्या डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या, वेगवेगळ्या वयाच्या, आणि डेटा बहुतेक असा की एकदा टाकला की बदलत नाही. रेड ५ मध्ये सगळ्यात लहान डिस्कचा हिशोब लागतो, म्हणून ४, ४, ४ आणि २ असूनही तुम्हाला मिळतात फक्त ६ टीबी. आजारी डिस्क काढून टाका, उरल्या ४, ४ आणि २. यावर मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एकत्र दाखवणारं) आणि स्नॅपरेड (पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब, ठेवणारं) लावा, दोन्ही ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये प्लगइनने येतात. एक ४ टीबी पॅरिटीला, बाकी ४ आणि २ डेटाला, म्हणजे एक डिस्क कमी होऊनही ६ टीबी तेवढेच मिळतात. पॅरिटी डिस्क डेटाच्या सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी हवी, एवढाच नियम. बॅराकुडा पॅरिटीला चालेल.

याचा सगळ्यात मोठा फायदा जुन्या हार्डवेअरवाल्यांसाठी असा की प्रत्येक डिस्कवर साधी फाईल सिस्टिम असते. उद्या हा बोर्ड गेला, तर कुठलीही एक डिस्क काढा, कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, फाईली समोर. आणि एकाऐवजी दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरचं शाबूत राहतं, रेड ५ सारखं सगळंच बुडत नाही. तोटा हा की पॅरिटी त्या क्षणी तयार होत नाही, सिंक चालवाल तेव्हाच होते, म्हणजे आज टाकलेले फोटो रात्रीच्या सिंकपर्यंत उघडे असतात. घरासाठी हे मला चालतं. दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर यावरून थेट चालवणार असाल तर मात्र चालणार नाही, त्याला दोन सारख्या डिस्कचं मिरर हवं.

झेडएफएस या फाईल सिस्टिमबद्दल विचारलंत. उत्तम आहे, ८ जीबीवर घरापुरतं चालतंही, फक्त डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू करू नका, ते रॅम गिळतं. पण तुमच्या विजोड डिस्कवर त्याचा फायदा मिळत नाही आणि एसएमआर डिस्कबरोबर त्याचं जमत नाही. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या 'रेड' (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क गाजावाजा न करता एसएमआर केल्याचं उघड झालं ते झेडएफएस वापरणाऱ्यांमुळे, रीसिल्व्हर म्हणजे झेडएफएसचं रीबिल्ड करताना डिस्क बाहेर पडायला लागल्या तेव्हा. त्यानंतर सीएमआरवाल्या, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेल्या, डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या आल्या. कधी पुढे झेडएफएस वापरलंत तर एक खूण लक्षात ठेवा: चेकसमच्या रकान्यात एकाच डिस्कवर आकडे चढले तर ती डिस्क किंवा तिची केबल, पण सगळ्या डिस्कवर एकदम चढले तर डिस्कना हात लावू नका, रॅम, एसएमपीएस किंवा कंट्रोलर बघा. रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

११ एमबीचा प्रश्न सोपा आहे. हा आकडा बघितला की डिस्क, प्रोसेसर काहीही तपासायची गरज नाही, लिंक १०० एमबीपीएसवर आलीय. १०० ला ८ ने भागा, साडेबारा, त्यातून वरखर्च वजा जाता ११ च्या आसपास उरतं. गिगाबिटला लॅन केबलच्या आठही वायरी लागतात, १०० ला चारच पुरतात, आणि केबलवाल्यांची पोरं बऱ्याचदा चारच वायरी क्रिम्प करून जातात कारण इंटरनेट तेवढ्यावर चालतं. जॅक उजेडात धरून बघा, पारदर्शक असतो, आठ रंग टोकापर्यंत पोचलेत का ते दिसतं. आठही असतील तर राउटर बघा, कनेक्शनबरोबर फुकट मिळालेल्या काही राउटरचे लॅन पोर्टच १०० चे असतात. मग एक साधा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच मधे घाला. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जायला पाहिजे.

आता झिणझिण्या. हे सगळ्यात शेवटी लिहिलंत पण याला हलकं घेऊ नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट गाळण्यासाठी. तो करंट अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसेल तर जायला वाट नाही, आणि कॅबिनेट अधांतरी राहून साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतं. करंट अगदी बारीक असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण उद्या आत खरंच फेज बॉडीला लागला तर वाचवणारं काही नाही, घरात लहान मुलं असतील तर आधी हे. मल्टीमीटरने त्याच सॉकेटवर बघा: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थला भलताच आकडा दिसला तर अर्थिंग तुटलंय. मोजायचा सराव नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनी सॉकेट असतं पण मागे वायर दोनच असतात, आणि दुकानातल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डातही तिसरी वायर कधी कधी नसतेच. वायरमन बोलवा, न्यूट्रलला अर्थ जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा, ते धोकादायक आहे.

लाईट जाते तेव्हा पीसी रीस्टार्ट होतो म्हणालात, घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण किंवा सेटिंग बघा. नॉर्मलवर तो सावकाश बदलतो, पंख्याला कळत नाही पण पीसीला कळतं. यूपीएसवर टाका. तरी रीस्टार्ट झाला तर छोटा यूपीएस लावा, मात्र मागे प्रिंटरसारखा चौकोनी यूएसबी पोर्ट असलेला, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हरला तसं कळून तो स्वतः नीट बंद होईल, ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये त्यासाठी नट नावाचं प्लगइन आहे. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग करा, आणि सीआर२०३२ बॅटरी बदलून टाका, एवढ्या जुन्या बोर्डातली संपलेलीच असते आणि मग तारीख भलतीच झाली की अपडेटसुद्धा चालत नाहीत.

बहिणीसाठी पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांना वाट उघडायच्या, नादी लागू नका. राउटरमध्ये डब्ल्यूएएनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, कंपनीने एकच आयपी कित्येक घरांना वाटलाय, बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. टेलस्केल हे दोन मशीन खाजगीत जोडणारं ॲप सर्व्हरवर टाका, बहिणीच्या फोनवर टाका, झालं. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे.

आजारी डिस्कच्या जागी पुढे डिस्क घ्यालच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुनी घेतलीत तर पैसे द्यायच्या आधी तिथेच स्मार्ट बघा. ९ नंबरला पॉवर ऑनचे तास असतात, वर्षाचे ८,७६० तास होतात, म्हणजे ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं अखंड. डीव्हीआरची डिस्क असेल तर हे साहजिक आहे, मी ५, १९७, १९८ शून्य असतील तर तीही घेतो. भीती तास शून्य दाखवणाऱ्या "नव्या" डिस्कची जास्त, स्मार्टचे आकडे पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं ते फार्म नावाच्या वेगळ्या लॉगमुळे. स्मार्टसीटीएल ७.४ किंवा त्यापुढचं असेल तर सीगेटच्या डिस्कचा फार्म लॉग वाचता येतो, दोन्हीकडचे तास जुळतात का बघा. घरी आणली की डेटा टाकायच्या आधी बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून करायची टेस्ट लावा, ती डिस्कवरचं सगळं पुसते हे लक्षात असू द्या. चार पॅटर्न लिहून चार वेळा वाचते, ४ टीबीला अडीच-तीन दिवस जातात, जाऊ द्या. त्यानंतरही ते तीन आकडे शून्य असतील तरच आत घ्या.

आणि ती कॉपी काढलेली यूएसबी डिस्क परत देऊ नका, किंवा द्यावी लागली तर तशीच एक विकत घ्या. महिन्यातून एकदा फोटो तिच्यावर उतरवायचे आणि ती सर्व्हरच्या शेजारी न ठेवता दुसऱ्या घरी ठेवायची. रेड असो नाहीतर स्नॅपरेड, चुकून डिलीट झालेली फाईल, व्हायरस, चोरी, यातून दोन्ही वाचवत नाहीत.

एसएमपीएस बदलून आणि केबलची अदलाबदल करून झाली की चारही डिस्कचे ५, १९७, १९८, १९९ चे आकडे सिरियलच्या शेवटच्या चार अंकांसकट टाका, आधीचे आणि नंतरचे दोन्ही. सोबत स्प्लिटरच्या कनेक्टरचा मागच्या बाजूने काढलेला एक फोटो टाका, तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघून सांगतो.